गॅस आहे, ज्योत नाही

रत्नागिरीत गॅसची शेगडी दुरुस्त करणाऱ्याला वर्षात तीन हंगाम मिळतात. एक जूनच्या आरंभी, मासेमारी बंद होऊन बोटी वर ओढल्या जातात तेव्हा. दुसरा गणपतीच्या आदल्या आठवड्यात, मुंबईचे चाकरमानी येऊन बंद घरांची कुलपं काढतात तेव्हा. तिसरा डिसेंबरअखेर, गणपतीपुळ्याच्या वाटेला पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग लागते तेव्हा. मधल्या दिवसांत काम असतंच, पण ते रोजचं. पेज उतू गेलेली असते, नॉब अडकलेला असतो, नळी उंदराने कुरतडलेली असते. हंगामातलं काम वेगळं. त्यात शेगडी जुनी नसते, गॅस संपलेला नसतो, कुणी काही मोडलेलंही नसतं. ती नुसती काही महिने पडून राहिलेली असते आणि आता पेटत नाही.

फोनवर सगळे साधारण एकच सांगतात. "गॅस येतोय, वास पण येतोय, पण पेटत नाय ओ." आणि लगेच स्वतःचं निदान. लायटर गेला असेल. रेग्युलेटर गेला असेल. एक गृहस्थ तर दर खेपेला ठामपणे सांगतात की हल्ली गॅसच पातळ येतो. मी निदान ऐकून घेतो, वाद घालत नाही. पेटीत काय घ्यायचं ते मात्र त्यावरून ठरवत नाही.

हे काम मी राम आळीजवळच्या एका अरुंद दुकानात शिकलो. मालकांना सगळे काकाच म्हणत. काकांचा पहिला नियम होता, आधी काडी, मग पान्हा. काडी लावून बर्नर नीट पेटला तर दोष ठिणगीचा, शेगडी उघडायची गरज नाही. गिऱ्हाइकाकडून लायटरचे पैसे घ्या आणि घरी जा. काडीनेही पेटला नाही तर काडी विझवायची, खिडकी उघडायची, थोडं थांबायचं आणि मग क्षणभर नॉब उघडून कान लावायचा. जेटमधून गॅस सुटतो त्याला आवाज असतो. जेट साफ असला तर तो बारीक आणि सरळ येतो, कचरा असला तर फुसफुसतो. आणि आवाज अगदी चोख आहे, पण वास बर्नरच्या टोपीकडून येण्याऐवजी खालून, नॉबच्या बाजूने येतोय, असं झालं की काका नुसते हसायचे. "गॅस बरोबर आहे रे. हवा अडल्ये."

त्या वेळी मला हे कोडंच वाटायचं. शेगडीत हवेचा काय संबंध? गॅसचे पैसे भरतो, गॅसची वही असते, गॅस संपतो, गॅसचा नंबर लावतो. हवेचं नाव कुणीच घेत नाही.

सिलिंडरमधला आपला गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्यूटेन यांचं मिश्रण. प्रोपेनचा एक भाग पुरता जळायला सुमारे 24 भाग हवा लागते, ब्यूटेनला 31 च्या आसपास. म्हणजे शेगडीत जे जळतं त्यात गॅस थोडा आणि हवाच फार. प्रमाण बिघडलं की ज्योत मिळत नाही. हवेत गॅस साधारण दोन टक्क्यांहून कमी असला तर तो पेटत नाही, आणि नऊ-दहा टक्क्यांच्या वर गेला तरीही पेटत नाही. दुसरी गोष्ट लोकांना पटत नाही. गॅस जास्त झाला म्हणून पेटत नाही, असं सांगितलं की ते माझ्याकडे संशयाने बघतात.

ही हवा शेगडीत घालायला पंखा नसतो, मोटर नसते. रेग्युलेटरमधून गॅस निघतो तो पाण्याच्या 30 सेंटिमीटर उंच स्तंभाएवढ्या दाबाने, म्हणजे अगदी अशक्त. तो जेटच्या भोकातून सुटतो. भोक एक मिलिमीटरपेक्षाही लहान, त्यामुळे गॅस वेगाने सुटतो. पुढे बर्नरची नळी असते, तिच्या तोंडाशी उघडी फट ठेवलेली असते. सुटलेल्या एसटीमागे रस्त्यावरची धूळ ओढली जाते, तशी या वेगाच्या मागे बाजूची हवा त्या फटीतून आत ओढली जाते. नळीत दोन्ही मिसळतात आणि टोपीच्या भोकांतून बाहेर येऊन जळतात. उरलेली हवा ज्योत बाहेरून घेते. शाळेच्या प्रयोगशाळेत बन्सन बर्नर सगळ्यांनी पाहिलेला असतो, ज्याच्या बुडाशी फिरतं कडं असतं आणि कडं फिरवलं की पिवळी ज्योत निळी होते. तो 1855 मध्ये जर्मनीत हायडेलबर्गला तयार झाला. इतक्या वर्षांत काचेच्या शेगड्या आल्या, आपोआप पेटणारे बर्नर आले, पण आतली करामत तीच आहे.

आता जिल्ह्यात पाइपचा गॅस येतो आहे. त्यात मुख्यतः मिथेन. मिथेनच्या एका भागाला सुमारे 10 भाग हवा पुरते, पण तेवढ्याच गॅसमधून मिळणारी उष्णताही कमी, म्हणून जेट बदलून मोठ्या भोकाचा बसवावा लागतो. जुन्या जेटवर पाइपचा गॅस लावला तर ज्योत मुंगीएवढी येते आणि लोक पुन्हा म्हणतात, गॅस पातळ. बदललेले जुने जेट मी टाकत नाही, डबीत ठेवतो. पाइपचं घर सोडून लोक पुन्हा सिलिंडरच्या घरात जातात तेव्हा ते लागतात.

काकांना जुन्या गोष्टी सांगायची हौस होती. त्यांच्याकडे बर्शेनच्या काळातली एक ओतीव लोखंडी शेगडी होती. बर्मा शेल कंपनी 1950 च्या दशकात मुंबईत या नावाने गॅस विकायची. 1976 मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली आणि पुढे तिचीच भारत पेट्रोलियम झाली. काका शेगडीवरचं नाव दाखवून म्हणायचे, बर्मावाल्यांचा आणि आपला संबंध जुना. विनोद म्हणून बोलायचे, पण त्यात तथ्य होतं. इंग्रजांनी ब्रह्मदेश घेतला आणि थिबा राजाला 1886 मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. त्याच साली ग्लासगोत बर्मा ऑइल कंपनी उभी राहिली, तिकडच्या तेलविहिरींवर. राजा इकडे, तेल तिकडे. राजाचा वाडा बघायला आजही पर्यटक येतात. कंपनीच्या नावाची ती शेगडी काकांनी शेवटी भंगारात घातली, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

असो. हवेकडे येतो.

मुंबई-पुण्याला दुरुस्तीची कामं करणारे माझे ओळखीचे लोक आहेत. त्यांच्याकडे शेगडी येते ती वापरून खराब झालेली. माझ्याकडे येते ती बरेचदा न वापरता खराब झालेली. मिऱ्या, मांडवी, भाट्ये, राजिवडा, समुद्र जिथून दिसतो त्या प्रत्येक स्वयंपाकघरात हवा मीठ घेऊन येते. पितळी बर्नरवर हिरवट थर धरतो. ॲल्युमिनियमच्या नळीला आतून पांढरी भुकटी सुटते, ती सांडते नेमकी जेटच्या तोंडाशी. ठिणगी पडते त्या टोकाखालच्या चिनी मातीवर मिठाचा ओलसर पापुद्रा बसतो आणि ठिणगी टोकावरून उडी मारायच्या ऐवजी त्या पापुद्र्यावरून खाली उतरून जाते. टक-टक आवाज येत राहतो, ठिणगी दिसत नाही. लोक बॅटरी बदलतात, मग बटण बदलायला सांगतात. कोमट पाण्याच्या फडक्याने पुसून, कोरडं करून बघितलं तर दहातल्या बऱ्याच वेळा तेवढ्यानेच भागतं. इतर ठिकाणी हवा म्हणजे नुसती हवा असते. कोकणात हवेत बरंच सामान असतं.

मिठाला निदान वेळ लागतो. किड्यांना लागत नाही.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. मिरकरवाड्याच्या बोटींवर खलाशांचं जेवण गॅसवर होतं. बोट दहा-दहा दिवस बाहेर राहणार, तर भात-कालवण तिथेच. बोटी वर आल्या की त्या शेगड्या उतरतात. शहाणे तांडेल त्या लगेच माझ्याकडे टाकतात. बाकीचे शाकारलेल्या बोटीतच ठेवतात आणि ऑगस्ट उजाडायला दोन दिवस असताना धावत येतात. "भाई, उद्या बर्फ भरायचाय, आज दे." तोवर नळीत कोळ्याने जाळं केलेलं असतं. जाळं दिसायला काहीच नसतं, फुंकरीने उडेल असं. पण अशक्त दाबाने येणाऱ्या गॅसला ती भिंत असते. गॅस नळीत शिरतो, पुढे जाववत नाही, उलटा फटीतून बाहेर येतो आणि काडी लावली की ज्योत टोपीवर न लागता खाली, नॉबच्या मागे लागते. नळी जळते, हात भाजतो. बोटीवर हे झालं तर पळायला जागा नसते.

गणपतीतली घरं हा दुसरा प्रकार. घर शिमग्याला उघडलेलं, नंतर कुलूप. पावसाळाभर आत ओल, बाहेर ओल. चतुर्थीच्या आदल्या दिवशी मुंबईहून माणसं उतरतात, झाडलोट करतात, आणि संध्याकाळी चहासाठी शेगडी पेटवायला जातात. मोदक उकडायचे असतात, घरात पंधरा माणसं. त्या संध्याकाळी मला येणाऱ्या फोनचा सूर ओळखू येतो. नमस्कार-चमत्कार नाही, थेट "कुठे आहात तुम्ही?" एका काकूंनी तर फोन मिस्टरांच्या हातून घेऊन सांगितलं होतं, "तुम्ही या, तुमच्या वाटचे मोदक धरलेत." मी गेलो, नळीतून झुरळाची अंडी आणि भिजलेली माती काढली. मोदक मिळाले. त्या घराला चुलीची जागा अजून शाबूत होती, माडाच्या झावळ्याही रचलेल्या होत्या, पण ती पेटवायची कशी ते तिथल्या तरुण मंडळींपैकी एकालाही येत नव्हतं, ही एक गंमत.

हवेची वाट पुरती बुजली म्हणजे काय होतं ते मी चिपळूणला पाहिलं. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं. रस्ते मोकळे झाल्यावर मी जेट, ग्रीस आणि नळ्यांची पिशवी घेऊन गेलो. घराघरांपुढे गाद्या, वह्या, कपाटं आणि शेगड्या यांचे ढीग होते. लोक सांगत होते, भरलेले सिलिंडरसुद्धा तरंगत गेले. ऐकायला अतिशयोक्ती वाटते, पण हिशेब बरोबर आहे. घरगुती सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस, रिकाम्या टाकीचं वजन साधारण 15-16 किलो, मिळून तीसच्या आसपास. आणि त्याच्या पोटात 33 लिटर पाणी मावतं. मग भरलेलाही तरंगणारच.

शेगड्यांत वाशिष्ठीचा गाळ होता. अगदी मऊ, पिठासारखा. सगळ्यांनी आपापल्या परीने शेगड्या उभ्या करून वाळत घातल्या होत्या, आणि तीच अडचण झाली. गाळ ओला असताना पाण्याच्या धारेने निघतो. वाळला की नळीत असा बसतो की नळी कापावी लागते. मी एका आळीत शिरलो की आधी ओरडून सांगायचो, "सुकवू नका, भिजत घाला!" पुराच्या पाण्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या माणसाला हे सांगणं कठीण असतं. बादल्यांत, पिंपांत बर्नर बुडवून ठेवले, नॉबचे कॉक उघडून धुतले, पुन्हा ग्रीस भरलं. रबरी नळी आणि रेग्युलेटर मात्र एकही परत वापरू दिला नाही. त्यावरून एका दुकानदाराशी माझं चांगलंच वाजलं. वरून धुऊन चकाचक दिसत होता तो रेग्युलेटर, पण आतल्या पडद्यावर गाळ गेला की दाब किती येईल याचा भरवसा नाही, आणि वेळ काही भरवसा ठेवायची नव्हती. तिथे एक गोष्ट कायमची मनात ठसली. जुन्या, खालून उघड्या, पत्र्याच्या दोन बर्नरच्या शेगड्या अर्ध्या तासात चालू झाल्या. काचेच्या सुंदर शेगड्या उघडता उघडता काच तडकली. त्या दुकानात मांडायला केलेल्या असतात, असं माझं मत आहे, आणि ते बदलायचं कारण अजून मिळालेलं नाही.

आता ग्रिलची गोष्ट सांगतो, कारण तो प्रकार आमच्याकडे नवा आहे. गणपतीपुळ्याच्या वाटेवर आरे-वारेच्या पुढे एक होमस्टे आहे. मालकांचा पुतण्या अमेरिकेतून परत आला तेव्हा घरच्या सामानाबरोबर गॅसवरचं मोठं ग्रिल घेऊन आला. चार बर्नर, वर झाकण, खाली कपाट. मागल्या अंगणात, सुरूंच्या सावलीत ते ठेवलं होतं. दोन हंगाम त्यावर सुरमई आणि कोंबडी भाजली गेली. तिसऱ्या हंगामाला ते पेटेना. फोन आला तो 30 डिसेंबरला, दुसऱ्या दिवशी पाहुणे भरलेले.

मी पोचलो तेव्हा मालक, पुतण्या आणि स्वयंपाक करणारा मुलगा तिघेही त्याच्याभोवती उभे होते. झाकण बंद. मी आधी ते उघडलं. आदल्या दिवशी त्या मुलाने झाकण बंद ठेवूनच बटण दाबलं होतं आणि त्याच्या भुवया होरपळल्या होत्या. एलपीजी हवेपेक्षा जड, तो वर उडून जात नाही, साचतो. झाकणाखाली साचला, खालच्या कपाटात साचला, तर नंतरची ठिणगी तो सगळा एकदम पेटवते. ग्रिल पेटवताना झाकण उघडंच हवं, आणि पहिल्या खेपेला नाही पेटलं तर सगळं बंद करून निदान पाच मिनिटं सोडून द्यायचं. मुलाला हे मी समजावून सांगितलं. तो मान डोलावत होता, पण भुवयांनी त्याला आधीच शिकवलं होतं.

पुतण्याचं निदान तयार होतं. मोबाइलवर त्याने बरंच पाहिलं होतं. अमेरिकेत ग्रिलच्या टाकीला जो रेग्युलेटर असतो त्यात एक खटका असतो. नळी तुटली तर गॅस भसकन बाहेर येऊ नये म्हणून तो प्रवाह आपोआप रोखतो. टाकीची चावी एकदम उघडली तरी त्याला वाटतं नळीच तुटली, आणि तो गॅस अडवतो. मग सगळं बंद करून, नळी सोडून, पुन्हा जोडून, चावी अगदी सावकाश उघडायची. तिकडे ग्रिल न पेटण्याचं हे फार मोठं कारण असतं. पुतण्या सकाळपासून हेच करत होता. फक्त त्याचा अमेरिकन रेग्युलेटर इथल्या सिलिंडरला लागत नाही म्हणून मुंबईच्या कुणी कारागिराने तो काढून इथला बसवला होता, आणि त्यात तो खटकाच नव्हता. काम मात्र त्या कारागिराने नीट केलं होतं. तिकडच्या ग्रिलला दाब लागतो पाण्याच्या 28 सेंटिमीटरचा, आपला 30 चा. जवळजवळ सारखाच, त्यामुळे जेट बदलावे लागले नव्हते. सिलिंडरही धंद्यासाठीचा, 19 किलोचा, निळा होता. लाल असता तर मी त्याला हात लावला नसता, धंद्याला घरगुती गॅस वापरणं गुन्हा आहे.

काडी लावली. पहिल्या बर्नरला ज्योत आली, पण आली कुठे, तर नॉबच्या पाठीमागे, पत्र्याच्या आत. पिवळी, सुस्त. लगेच बंद केलं. मालक म्हणाले, "बघा, कायतरी पेटला." मी म्हटलं, "जिथे पेटायला नको तिथे पेटला."

जाळ्या काढल्या, खालचे तिरके पत्रे काढले, खिळपिना सोडून चारही बर्नर बाहेर ओढले. ग्रिलचा बर्नर म्हणजे लांब पोलादी नळी, एका टोकाला हवेची फट, अंगावर बारीक भोकं. पहिली नळी वर्तमानपत्रावर उलटी करून ठोकली तर लाल मातीचं ढेकूळ पडलं. आपल्या जांभ्याची माती, मळून, थापून, सुकवलेली. कुंभारणीचं काम. ही कंबर बारीक असलेली गांधीलमाशीच्या जातीची माशी चिखलाच्या कोठड्या बांधते, कोळी पकडून डंखाने लुळे करते, कोठडीत भरते, वर एक अंडं घालते आणि तोंड बंद करते. अळीला निघाल्या निघाल्या ताजं खाणं. मी ढेकूळ फोडलं तर आत सुकलेल्या कोळ्यांचे पाय आणि कोशाचं रिकामं टरफल होतं. पिल्लू केव्हाच उडून गेलेलं. दुसऱ्या नळीतही कुंभारीण, तिसरीत कोळ्याचं जाळं, चौथी साफ. चौथा बर्नर का पेटत नव्हता मग? तो पेटत होता, पण बाकीचे पेटत नाहीत म्हणून त्याला कुणी लावूनच पाहिलं नव्हतं.

नळी साफ करायला बाजारात ब्रश मिळतात. मी माडाच्या झावळीचा हीर वापरतो. लांब, लवचीक, वाकतो पण मोडत नाही, आणि नळीच्या भोकांना ओरखडा काढत नाही. वहिनींनी केरसुणीतून चार हीर ओढून दिले. पुतण्या बघत राहिला. दोन हिरांच्या टोकाला चिंधी बांधून नळ्या आरपार पुसल्या, मग भोकं एकेक करून मोकळी केली.

जेटकडे वळलो तर एका जेटचं भोक लांबट झालेलं. कुणीतरी सुई घातली होती. ही सुई म्हणजे माझ्या धंद्यातलं जुनं दुखणं आहे. जेट पितळेचा, मऊ. पोलादी सुई घातली की भोक साफ होतं आणि मोठंही होतं. मग गॅस जास्त, हवा तेवढीच, ज्योत पिवळी, भांडी काळी. घराघरात शिवणाच्या डब्यातली सुई या कामाला वापरतात. विचारलं की कुणीच घातलेली नसते. जेट बदलावा लागला, माझ्याकडच्या डबीतला एक बसला.

परत जोडून पेटवलं. आधी फट्-फट् केलं, मग निळी ज्योत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत गेली. हवेची फट थोडी कमी-जास्त करून टोकाचा पिवळेपणा घालवला. फार उघडली तर ज्योत भोकांवरून उचलली जाते आणि विझते, तेही पाहावं लागतं. मग ग्रिलची जागा. ते समुद्राकडे पाठ करून ठेवलं होतं, दुपारी समुद्राकडून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यासाठी ते ठीक. पण पाहुणे जेवणार रात्री, आणि थंडीच्या दिवसांत रात्र चढली की वारा उलटतो, डोंगराकडून मतलई वाहायला लागतो, तो थेट बर्नरवर. मालक इथलेच, त्यांच्या वडिलांची होडी होती. मी नुसतं "मतलई" म्हटल्याबरोबर त्यांनी कपाळावर हात मारला आणि दोघांना हाक मारून ग्रिल आडवं करून घेतलं.

पुतण्याने तेव्हा एक गोष्ट सांगितली, ती मी नंतर पडताळून पाहिली. 6 फेब्रुवारी 1996 ला डॉमिनिकन रिपब्लिकमधून उडालेलं एक विमान समुद्रात कोसळलं, 189 माणसं गेली. विमानाचा वेग मोजणारी एक बारीक नळी बाहेर असते, तिच्यात हवा शिरते त्यावरून वेग कळतो. विमान बरेच दिवस जमिनीवर उभं होतं, नळीवर झाकण नव्हतं, आणि ती अडली होती. वैमानिकाला वेग चुकीचा दिसत राहिला. अडवणारी कुंभारीणच असावी, असा तपासकर्त्यांचा कयास. त्या रात्री मी घरी येऊन सगळ्या नळ्यांची तोंडं आठवत पडलो होतो, गीझरची, जनरेटरची, स्कूटरच्या सायलेन्सरची.

पैशांची गोष्ट राहिली. मालकांनी विचारलं, "काय काय बदललात?" एक जेट, म्हटलं. "मग एवढे?" हा प्रश्न मला प्रत्येक घरात येतो. नवा रेग्युलेटर बसवला तर लोक मुकाट्याने पैसे देतात, हातात खोका येतो ना. माती काढल्याचे पैसे द्यायला जिवावर येतं. या धंद्यात काहीजण गरज नसताना भाग बदलतात आणि लोक त्यांना लबाड म्हणतात. लबाड ते आहेतच, पण त्यांना तसं शिकवलंय गिऱ्हाइकांनीच. मी त्यावर एक उपाय काढलाय. निघालेला कचरा वर्तमानपत्रावर तसाच ठेवतो, आवरत नाही. मालकांनी ती लाल ढेकळं आणि कोळ्यांचे पाय बघितले, वहिनींना दाखवले, आणि पैसे दिले. थोडे कमीच दिले, पण सोबत बांगडे दिले.

मे अखेरीस त्यांचा फोन आला, पावसाळ्यात ग्रिलचं काय करायचं. मी सांगितलं, बर्नर काढा, कोरडे करा, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून माळ्यावर टाका. हवेच्या फटीवर बारीक जाळी बसवून मिळते, तिकडच्या बऱ्याच ग्रिलना ती असतेच, पण समुद्रासमोर तीच गंजून आणि तेलाने बुजते, तेव्हा तिच्यावर विसंबू नका. ते म्हणाले, "एवढं कशाला? वरून ताडपत्री घालतो, बांधतो." मी म्हटलं, ताडपत्रीखाली ऊब असते, आडोसा असतो, पावसाचं पाणी लागत नाही. कुंभारणीला याहून चांगली जागा तुम्ही बांधून देऊ शकणार नाही. ते हसले. नंतर एकदा त्या वाटेने जाताना पाहिलं तर अंगणात ताडपत्री होती, निळी, चारी बाजूंनी सुंभाने आवळलेली. डिसेंबरातले पहिले काही दिवस त्यांच्यासाठी मोकळे ठेवलेत.